एमआरआय नॉर्मल आला, मग मेंदूच्या नेटवर्कमधला फरक दिसतो कुठे?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: धाकटा भाऊ २४ वर्षांचा. घरचा यंत्रमागाचा कारखाना, तो मागावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्यांनी आवाज ऐकू येणं बरंच कमी झालं, पण दिवसभर गप्प पडून असतो. मेंदूचा एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. आता पुण्याचे एक नातेवाईक म्हणतात की या आजारात मेंदूची नेटवर्क वेगळी असतात आणि ती ‘फंक्शनल एमआरआय’मध्ये दिसतात. ती तपासणी करावी का? मेंदू कायमचा बिघडलाय का? आणि घरात माझ्या लग्नाचं बघतायत, हा आजार मलाही होईल का?

ताई, आधी तपासणीचं सांगतो, कारण पैसे तिथे जाणार आहेत. करू नका. सोलापुरात सोडाच, पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूलासुद्धा तुमच्या भावाचा उपचार ठरवण्यासाठी ही तपासणी कोणी जबाबदार मानसोपचारतज्ज्ञ लिहून देणार नाही. नातेवाइकांनी सांगितलं ते मात्र खोटं नाही. नेटवर्कमधला फरक खरा आहे आणि गेली जवळजवळ तीस वर्षं वेगवेगळ्या देशांत तो पुन्हा पुन्हा सापडतोय. फरक खरा, तरी तपासणी निरुपयोगी, हे कसं काय, ते कळलं तर भावाशी घरात कसं वागायचं याचंही उत्तर बरंचसं त्यातच मिळेल. म्हणून जरा लांबण लावतो.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. गाठ, सूज, रक्तस्राव, जुनी इजा. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी बघाव्याच लागतात: मेंदूतला क्षय आणि पट्टकृमीच्या अळ्यांनी झालेल्या गाठी. पहिल्यांदाच कोणाला भास होऊ लागले, संशय येऊ लागला की आम्ही एमआरआय सांगतो तो यातलं काही नाही ना, एवढं बघायला. तुमच्या भावाच्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ तेवढाच. ‘आजार नाही’ असा अर्थ नाही आणि ‘नाटक करतोय’ असा तर मुळीच नाही. हे मुद्दाम लिहितोय. ‘बघ, मेंदू चांगला आहे म्हणून लिहिलंय, आता ऊठ आणि कामाला लाग,’ असं रिपोर्ट नाचवत मुलाला सुनावणारे वडील ओपीडीत नेहमी दिसतात.

स्किझोफ्रेनियात रचनेतही थोडा फरक असतो. १९७६ मध्ये लंडनला ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवलं की या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. पण सरासरीने. एकेका माणसाचा स्कॅन घेतला तर बहुतेकदा रेडिओलॉजिस्टला लिहिण्यासारखं काही सापडत नाही.

आता फंक्शनल एमआरआय. रचना आणि काम यांतला फरक सोलापूरकराला रेल्वेवरून लगेच कळेल. नकाशात कुर्डुवाडी आहे, होटगी आहे, रूळ सगळीकडे शाबूत आहेत. पण मिरजेची गाडी कुर्डुवाडीला यायच्या आधीच लातूरची निघून गेली, तर रूळ असूनही माणसं फलाटावरच राहतात. साधा एमआरआय म्हणजे रुळांची पाहणी. फंक्शनल एमआरआय गाड्यांचा मेळ बसतोय का ते बघतो, आणि तोही गाड्या प्रत्यक्ष न बघता, स्टेशनांवरची गर्दी केव्हा वाढते, केव्हा ओसरते यावरून अंदाज बांधून.

मेंदूत ही गर्दी म्हणजे रक्त. जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायू भरलेलं रक्त जास्त येतं. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं आणि हा फरक एमआरआयमध्ये टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मग १९९५ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला भरत बिस्वाल या आपल्याकडच्याच वंशाच्या संशोधकाने एक गंमत पाहिली. माणूस यंत्रात काही न करता नुसता पडलेला असताना हाताची हालचाल सांभाळणारे डावीकडचे आणि उजवीकडचे भाग एकाच संथ लयीत वरखाली होत होते. तेव्हा अनेकांना तो यंत्राचाच गोंगाट वाटला. पुढे कळलं की जे भाग एकत्र काम करतात ते रिकाम्या वेळीही एका लयीत असतात. अशा एका लयीतल्या भागांच्या समूहाला नेटवर्क म्हणतात. म्हणजे ‘जोडणी कमी आहे’ असं आम्ही म्हणतो तेव्हा एखादी तार तुटलेली कोणी पाहिलेली नसते. दोन भागांच्या लयी जेवढ्या जुळायला हव्यात तेवढ्या जुळत नाहीत, एवढंच गणिताने काढलेलं असतं.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या एका भागाचा आजार नसून भागांमधल्या ताळमेळाचा आजार असावा, ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच असं काही सुचवलं होतं. ब्रिटनमध्ये कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये ती नव्या पुराव्यासह मांडली आणि तिथून संशोधनाचा ओघ सुरू झाला.

आता तुमच्या भावाच्या लक्षणांकडे येऊ. सगळ्यात आधी आवाज.

आपण बोलतो तेव्हा मेंदूचा बोलण्याचा भाग ऐकण्याच्या भागाला आगाऊ कळवतो की आता येणारा आवाज आपलाच आहे. त्यामुळे स्वतःच्या आवाजाला ऐकण्याचा भाग कमी प्रतिसाद देतो. मनातल्या मनात बोलतानाही असंच काहीतरी होत असावं. स्किझोफ्रेनियात हा प्रतिसाद पुरेसा कमी होत नाही, हे मेंदूच्या विद्युत लहरी मोजून जुडिथ फोर्ड यांच्या गटाने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. फंक्शनल एमआरआयमध्येही कपाळामागचा भाग आणि कानाजवळचा भाग यांचा ताळमेळ बिघडलेला दिसतो. म्हणजे विचार स्वतःचाच, पण ‘हा माझा आहे’ ही खूण त्याच्यासोबत पोचली नाही, तर तो दुसऱ्या कोणाचा तरी आवाज म्हणून ऐकू येतो. हे सगळ्या भासांचं पूर्ण स्पष्टीकरण नाही, पण आज आपल्याकडे असलेल्यांपैकी सगळ्यात पटणारं हेच आहे. याला जोडून सेरा-जेन ब्लेकमोर यांचा २००० सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. आपण स्वतःच्या तळहाताला गुदगुल्या केल्या तर त्या फारशा जाणवत नाहीत, कारण मेंदूला आधीच ठाऊक असतं. ज्या रुग्णांना आवाज ऐकू येत होते किंवा आपल्याला कोणीतरी चालवतंय असं वाटत होतं, त्यांना स्वतः केलेला स्पर्शही दुसऱ्याने केल्याइतकाच तीव्र जाणवला.

तुमचा भाऊ मागावर बसायचा म्हणून हेही सांगतो. एकसारख्या चालणाऱ्या आवाजात शब्द ऐकू येणं आमच्याकडे नवीन नाही. माग, पंखा, पंप, रेल्वे. ‘माग सुरू झाला की मागातनंच माझं नाव घेऊन बोलायलेत,’ असं सांगणारे विणकर इथल्या प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाने पाहिले असतील. खरा आवाज चालू असताना त्याच्याबरोबरच भास होतो आणि आवाज थांबला की भासही थांबतो. घरच्यांना हे करणीचं वाटतं, मालकाला कामचुकारपणा वाटतो. असं होत असेल तर त्याला पुन्हा एकदम मागावर बसवू नका. कांडी भरणं, घड्या घालणं, पॅकिंग, हिशेब यातलं काही आधी बघा.

संशयाचं गणित वेगळं आहे. यात तीन नेटवर्कांची नावं येतात. एक, डिफॉल्ट मोड नेटवर्क. मार्कस राईकल यांनी २००१ मध्ये ते ठळकपणे मांडलं. आपण बाहेरचं काही करत नसतो, स्वतःबद्दल, मागच्या-पुढच्या गोष्टींबद्दल विचार करत असतो तेव्हा ते चालू असतं. दुसरं, काम करताना, हिशेब डोक्यात धरताना लागणारं, कपाळाच्या बाजूचं आणि डोक्याच्या मागच्या-वरच्या भागातलं नेटवर्क. तिसरं सॅलियन्स नेटवर्क, ज्याचे मुख्य भाग इन्सुला आणि अँटेरिअर सिंग्युलेट. आजूबाजूच्या हजार गोष्टींपैकी आत्ता कोणती महत्त्वाची, हे ठरवून पहिल्या दोघांपैकी कोणाला पुढे करायचं ते हे तिसरं ठरवतं, अशी विनोद मेनन यांची २०११ मधली मांडणी आहे. स्किझोफ्रेनियात बिघाडाचं मोठं केंद्र इथे, इन्सुलाच्या आसपास असावं, असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यातलाच.

कारण ओपीडीत तेच दिसतं. सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस खोकला. तुम्हाला-मला त्याचं काही नाही. पण महत्त्व ठरवणारी यंत्रणाच भलत्या वेळी जागी झाली असेल, तर तो खोकला अंगावर येतो. तो कशाचा तरी इशारा आहे असं आतून पक्कं वाटतं. मग मेंदू त्याला कारण शोधतो: ‘हे लोक माझ्या पाळतीवर आहेत.’ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये हे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी जोडून दाखवलं. डोपामिन नको तेव्हा वाढलं की फालतू गोष्टींना महत्त्व चिकटतं, आणि आपल्या गोळ्या ते डोपामिन अडवतात. म्हणून गोळ्यांनी आधी नवे इशारे मिळणं थांबतं. जुन्या इशाऱ्यांवरून बांधलेली गोष्ट मात्र आठवडे-महिने टिकते आणि हळूहळू तिच्यातला रस जातो. घरच्यांची तक्रार असते की महिना झाला गोळ्या चालू आहेत तरी ‘ते लोक’ अजून आहेतच. असतात. पण ‘काल काही नवीन झालं का?’ असं विचारा आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर औषध लागू पडतंय.

म्हणूनच संशयावर वाद घालू नका. पुरावे देऊन तो हटत नाही, कारण तो पुराव्यांवर उभा नाही. ‘तुला तसं वाटतंय, त्याचा त्रास होतोय हे कळतंय. मला तसं दिसत नाही,’ एवढं म्हणून विषय जेवणाकडे वळवा.

थॅलॅमस हा मेंदूच्या मधोमध असलेला, संवेदना पुढे पाठवणारा भाग. त्याची कपाळामागच्या भागाशी जुळणी कमी आणि संवेदना व हालचालीच्या भागांशी जास्त, हे या आजारातल्या सगळ्यात भरवशाच्या निष्कर्षांपैकी एक आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची गर्दी, पाळणे, भोंगे हे सगळं एकदम अंगावर येतं म्हणून पळून आलेले रुग्ण जानेवारीत भेटतात. त्याचा या जुळणीशी थेट संबंध आहे असं मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तो असावासा वाटतो. नेटवर्कचं आणखी एक गणित म्हणजे मेंदूतले काही भाग जास्त जोडलेले, जंक्शनसारखे असतात आणि या आजारात त्यांच्या आपसातल्या जोडण्या क्षीण दिसतात. त्यात फार शिरत नाही. तुमच्या उपयोगाचं त्यात आज काही नाही.

आता गप्प पडून राहणं. यालाच घरी आळस म्हणतात आणि याच्यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात. निरोगी माणसाने काम हाती घेतलं की डिफॉल्ट मोड नेटवर्क मागे सरतं. सुसान व्हिटफिल्ड-गॅब्रिएली यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ते पुरेसं मागे सरत नाही आणि त्याच्या भागांची आपसातली जुळणीही जास्त असते. सगळ्याच अभ्यासांत असं आलेलं नाही, काहींत ही जुळणी कमीही सापडली. पण कामाला लागताना आतलं थांबत नाही आणि बाहेरचं नीट सुरू होत नाही, हे रुग्णांच्या सांगण्याशी जुळतं. मात्र तुमच्या भावाच्या पडून राहण्याचं कारण हेच असेल असं धरून बसू नका. औषधाची गुंगी असू शकते, औषधाने आलेला ताठरपणा असू शकतो, नैराश्य असू शकतं, आणि अजून चालू असलेल्या आवाजांकडे लक्ष देत तो पडलेला असू शकतो. या चारही गोष्टींवर इलाज आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे चारही प्रश्न नेमके विचारा. फंक्शनल एमआरआयचे पैसे वाचवून वेळ इथे घाला. सोबत वजन आणि साखर तपासून घ्या.

मग हे सगळं दिसतं तर तुमच्या भावाचं का बघायचं नाही? कारण हे निष्कर्ष गटाचे आहेत. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी लोकांची सरासरी काढली की फरक येतो. पण दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्याचा आकडा बघून तो कुठल्या गटातला हे भरवशाने सांगता येत नाही. संगणकाला शिकवून ओळखायला लावलं तर लहान अभ्यासांत आकडे छान येतात. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या यंत्रावरच्या रुग्णांवर तेच लावलं की घसरतात. शिवाय आजार वेगळे असले तरी फरक सारखे निघतात. बायपोलरमध्येही (मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा आजार) यातलं बरंच दिसतं.

आणखी एक भानगड आहे. यंत्रात डोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकं जरी हललं तरी लांबच्या भागांची जुळणी खोटीच कमी आणि जवळच्यांची खोटीच जास्त दिसते. जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवल्यावर आधीच्या कितीतरी निष्कर्षांकडे पुन्हा बघावं लागलं. अस्वस्थ रुग्ण निरोगी माणसापेक्षा जास्त हलणारच. औषधं, झोप, तंबाखू या सगळ्यांचाही परिणाम होतो. औषध सुरू व्हायच्या आधी तपासलेल्या रुग्णांमध्येही फरक मिळाले आहेत, म्हणून सगळा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. पण एकट्याच्या स्कॅनमधून आजार किती, गोळी किती आणि डोकं हलणं किती, हे वेगळं काढता येत नाही.

तंबाखूवरून आठवलं, कारण हे बिडीचं गाव आहे. भावाला ओलॅन्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल आणि तो बिडी ओढत असेल तर धुरामुळे शरीर ही औषधं लवकर संपवतं आणि डोस कमी पडतो. एकदम बिडी सोडली तर तोच डोस जास्त होतो. तंबाखू खाण्याने असं होत नाही (म्हणून ती खावी असं नाही). बिडी सोडताना डॉक्टरांना सांगा, एवढंच.

नेटवर्कच्या ज्ञानातून उपचार निघतायत का? प्रयत्न चालू आहेत. डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या भागावर चुंबकीय किंवा सौम्य विद्युत उत्तेजना देऊन न हटणारे आवाज कमी करायचे. विद्युत उत्तेजनेवर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत बरंच काम झालं आहे. निकाल संमिश्र आहेत. काहींना फायदा होतो, काहींना काहीच नाही. तुमच्या भावाचे आवाज गोळ्यांनी कमी झालेत, तेव्हा आत्ता त्याची गरज नाही. पुढे दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही आवाज हटले नाहीत, तर आधी क्लोझापिनबद्दल विचारा. रक्त वेळोवेळी तपासावं लागतं म्हणून लोक घाबरतात, पण अशा रुग्णांसाठी त्याच्याइतकं चांगलं औषध अजून आलेलं नाही.

मेंदू कायमचा बिघडलाय का? अल्झायमरमध्ये पेशी मरत जातात, तसं इथे होत नाही. वयात येताना मेंदू नको असलेल्या जोडण्या कमी करतो, आणि या आजारात ती छाटणी जास्त होत असावी असं मानायला जनुकांच्या अभ्यासातून आधार मिळाला आहे. पण दोन भागांची लय जुळणं ही एकदा ठरली की ठरली अशी गोष्ट नाही. ती झोपेने, औषधाने, सरावाने, आजार वाढला किंवा उतरला तसा बदलते. काही अभ्यासांत उपचारांनंतर ती निरोगी लोकांच्या दिशेने सरकलेली दिसली आहे. पूर्ववत होते असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा पुन्हा आजार उलटणं टाळलं तर माणूस बराच सावरतो हे नक्की. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांचा आजार पाच वर्षांत एकदा तरी उलटला आणि औषध सोडल्याने हा धोका जवळजवळ पाच पट झाला. अक्कलकोटला, तुळजापूरला जाऊन यायचं तर खुशाल जा. गोळ्यांची पट्टी पिशवीत असू द्या.

घरातल्या बोलण्याचाही परिणाम मोजला गेलाय. सतत टीका, टोमणे किंवा अती काळजी असलेल्या घरांत आजार जास्त उलटतो. १९८७ मध्ये नरेंद्र विग आणि ज्युलियन लेफ यांच्या गटाने चंडीगडच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपल्याकडे अशा घरांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळलं. आपल्या एकत्र राहण्याची ही जमेची बाजू. ‘ऊठ, आळशी’ हे रोज दहा वेळा म्हणून मात्र ती घालवता येते. त्यापेक्षा सकाळी एक ठरलेलं छोटं काम द्या, दूध आणणं, भाजी निवडणं, आणि झालं की ‘बरं झालं’ म्हणा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

तुमच्या लग्नाचं. एकूण लोकसंख्येत आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता साधारण १ टक्का. सख्ख्या भावंडाला असेल तर सुमारे ९ टक्के. म्हणजे दहापैकी नऊ जणांना होत नाही, आणि वय वाढत जातं तशी ही शक्यता आणखी कमी होत जाते. बायकांमध्ये आजार पुरुषांपेक्षा थोडा उशिरा सुरू होतो, म्हणून वीस-पंचविशी पार झाली म्हणजे सगळं संपलं असं मात्र धरता येत नाही. सतत झोप उडणं, लोक आपल्याबद्दल बोलतायत असं वाटू लागणं, एकलकोंडेपणा वाढणं असं काही महिनाभर राहिलं तर दाखवा. गांजापासून लांब राहा, ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना तो जास्त घातक ठरतो. आणि स्वतःचा फंक्शनल एमआरआय काढून खात्री करावी असं मनात आलं असेल तर ऐका: वर सांगितलेल्या २००९ च्या अभ्यासात रुग्णांच्या रक्ताच्या जवळच्या निरोगी नातेवाइकांमध्येही तसाच, पण सौम्य फरक सापडला होता. त्यांना आजार नव्हता. तुमच्यातही तो फरक निघू शकेल, आणि त्यावरून तुम्हाला पुढे काय होईल हे मला किंवा कोणालाच सांगता येणार नाही.